जुन्या लॅपटॉपपासून भिंतीवरची डिजिटल फोटोफ्रेम

मुंबईतल्या अनेक घरांत माळ्यावर किंवा दिवाणाच्या खणात एखादा जुना लॅपटॉप पडून असतो. त्याची बिजागरी तुटलेली असते, बॅटरी चार्ज धरत नाही, कीबोर्डच्या काही कळा काम करत नाहीत. पडदा मात्र बहुधा शाबूत असतो. फोटोफ्रेमसाठी लागणारी खरी मोलाची वस्तू तो पडदाच आहे. बाकी जे लागते ते लॅपटॉपमध्ये आधीच असते किंवा थोडक्यात मिळते, आणि जे बिघडलेले असते त्याची फ्रेमला गरजच नसते. येथे १४ किंवा १५.६ इंची लॅपटॉप गृहीत धरला आहे. टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरलाही यातला बराच भाग लागू पडतो, फक्त त्याचा डबा भिंतीवर टांगता येत नाही.

काम हाती घेण्यापूर्वी एक कसोटी ठरवून घ्यावी. भिंतीवरचे बटण दाबले की मिनिटा-दोन मिनिटांत फोटो दिसू लागले पाहिजेत, आणि त्यासाठी घरातल्या कोणालाही माऊस शोधावा लागू नये किंवा पासवर्ड आठवावा लागू नये. अशा उपक्रमांच्या वर्णनांत बहुतेक जागा सॉफ्टवेअरला मिळते. माझ्या मते सॉफ्टवेअर हा यातला सर्वांत सोपा भाग आहे; फ्रेम काही महिन्यांत भिंतीवरून उतरते ती उष्णता, पंख्याचा आवाज, पडद्याचा चुकीचा कोन आणि रोज सकाळी करावी लागणारी खटपट यांमुळे.

खोलण्यापूर्वी

लॅपटॉप जसा आहे तसा टेबलावर उघडा ठेवून त्यावर चार-पाच दिवस, दिवसभर फोटो फिरवत ठेवावेत. पडद्यावर उभी रेघ येते का, एखाद्या कोपऱ्यात प्रकाश कमी पडतो का, तापल्यावर चित्र थरथरते का, हे या काळात कळते. पंखा सतत घरघरत असेल तर ती घरघर भिंतीवर टांगल्यावर कमी होत नाही. अशा वेळी पंखा साफ करून प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलावी, आणि तरीही आवाज येत राहिला तर पुढे सांगितलेला दुसरा मार्ग धरावा.

याच काळात आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे मदरबोर्डवरचा नाण्याच्या आकाराचा सेल, जो बहुधा सीआर२०३२ या क्रमांकाचा असतो. तो संपलेला असेल तर वीज जाताच घड्याळ मागे पडते, आणि पुढच्या वेळी लॅपटॉप तारीख चुकल्याचा संदेश दाखवून कोणी कळ दाबेपर्यंत तसाच थांबून राहतो. भिंतीवरच्या फ्रेमला कीबोर्डच नसल्यामुळे हा किरकोळ सेल सगळे काम अडवू शकतो, म्हणून तो आधीच बदलून टाकावा. दुसरी गोष्ट बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, पाहायची आहे. काही डेल लॅपटॉपांत ‘वेक ऑन एसी’ आणि काही थिंकपॅडमध्ये ‘पॉवर ऑन विथ एसी अटॅच’ अशी सोय असते. ती असेल तर भिंतीवरचे बटण चालू करताच लॅपटॉप आपोआप सुरू होतो. ती नसेल तर पॉवर बटणाची छोटी पट्टी तिच्या केबलसह जपून ठेवावी आणि फ्रेमच्या खालच्या कडेला, बोट पोहोचेल अशी बसवावी.

दोन मार्ग

मदरबोर्ड नीट चालत असेल तर तो पडद्याच्या मागे बसवणे हा पहिला आणि स्वस्त मार्ग आहे. यात पडदा बिजागरीतून सोडवून मागे वळवला जातो, म्हणजे मदरबोर्ड आणि पडदा पाठीला पाठ लावून उभे राहतात. पडद्याची केबल आखूड असते, त्यामुळे मदरबोर्ड कुठे बसणार हे फ्रेमच्या मापाने ठरत नाही, त्या केबलच्या लांबीने ठरते. केबलला पीळ किंवा तीव्र घडी पडू देऊ नये, कारण तिच्यातल्या तारा केसासारख्या बारीक असतात. झाकणात पडद्याभोवती फिरवलेल्या दोन-तीन पातळ तारा वाय-फायच्या अँटेनाच्या असतात. त्या कचरा समजून कापल्या तर फ्रेमला नेटवर्क मिळत नाही. एक बारीक अडचण बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: झाकण बंद झाले हे लॅपटॉपला बहुधा एका चुंबकावरून कळते, आणि पडदा मागे वळवल्यावर झाकणातला चुंबक नेमका त्या सेन्सरजवळ आला तर लॅपटॉप पुन्हापुन्हा झोपी जातो. यासाठी झाकण बंद झाल्यावर काहीही करू नये अशी सेटिंग ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधीच करून ठेवावी, किंवा तो चुंबक काढून टाकावा.

मदरबोर्ड मेलेला असेल, किंवा फ्रेम झोपण्याच्या खोलीत लावायची असून तिथे पंख्याचा आवाज नको असेल, तर दुसरा मार्ग घ्यावा. यात लॅपटॉपमधून फक्त पॅनेल, म्हणजे सुटा पडदा, काढून घेतात, त्याला एचडीएमआय जोडणी देणारा कंट्रोलर बोर्ड लावतात आणि फोटो दाखवण्याचे काम रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर सोपवतात. रास्पबेरी पाय ३ किंवा २०२१ मध्ये आलेला झीरो २ डब्ल्यू या कामाला पुरेसा आहे, आणि वीज मिळताच तो स्वतःहून सुरू होत असल्याने बायोसचा प्रश्नच उरत नाही.

कंट्रोलर बोर्ड लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनजवळच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, चौकशी केल्यास मिळतो. तिथली बहुतेक दुकाने रविवारी बंद असतात हे लक्षात ठेवावे. जाताना पॅनेलच्या पाठीवरच्या स्टिकरचा स्पष्ट फोटो, आणि शक्य असेल तर पॅनेलच, सोबत न्यावे. ‘पंधरा पॉइंट सहा इंचांचा बोर्ड द्या’ एवढे सांगून भागत नाही. एकाच मापाच्या पॅनेलांत ४० पिनांची जुनी एलव्हीडीएस जोडणी असू शकते किंवा ३० पिनांची ईडीपी, आणि बोर्डमधले फर्मवेअरही (त्यात आधीच भरलेला प्रोग्रॅम) त्या पॅनेलच्या रेझोल्यूशनशी जुळणारे असावे लागते. बोर्डवर पॅनेलला किती व्होल्ट द्यायचे हे ठरवणारा एक जंपर, म्हणजे पिनांवर बसणारी छोटी टोपी, असतो. लॅपटॉपच्या बहुतेक पॅनेलांना ३.३ व्होल्ट लागतात. जंपर ५ किंवा १२ व्होल्टवर राहिला तर चांगले पॅनेल क्षणात जळते. म्हणून दुकानातच जोडून, चित्र पाहून मगच पैसे द्यावेत. नेहमीचे दुकानदार याला नाही म्हणत नाहीत.

उघडताना

अ‍ॅडॅप्टर काढावा, बॅटरी काढावी आणि पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरून उरलीसुरली वीज निघून जाऊ द्यावी. बॅटरी फुगलेली दिसली तर तिला टोकदार वस्तू लावू नये, दाबू नये आणि ती पुन्हा चार्जही करू नये. बॅटरी बरी असली तरी ती फ्रेममध्ये ठेवू नये, कारण चोवीस तास चार्जिंगवर आणि बंदिस्त उष्णतेत राहिलेली जुनी लिथियम बॅटरी भिंतीवर टांगणे धोक्याचे आहे. बहुतेक लॅपटॉप केवळ अ‍ॅडॅप्टरवर चालतात. आपला चालतो की नाही हे वरच्या चार-पाच दिवसांतच पाहून घ्यावे.

साधारण २०१० च्या आधीच्या लॅपटॉपांत पडद्याला उजेड देण्यासाठी एलईडीऐवजी बारीक काचेची नळी असते. ती पेटवणारा इन्व्हर्टर पडद्याच्या खालच्या कडेला असतो आणि तो काही शे व्होल्ट, सुरू होताना तर हजाराहून अधिक व्होल्ट देतो. शिवाय त्या नळीत पारा असतो. असा पडदा असेल तर चालू स्थितीत त्याला हात लावू नये, आणि खरे तर त्याच्यावर फार मेहनतही घेऊ नये. त्याचा उजेड एव्हाना पिवळट झालेला असतो.

पडद्याचा कोन

जुन्या स्वस्त लॅपटॉपांत बहुधा टीएन प्रकारचे पॅनेल असते. समोरून पाहिले तर ते ठीक दिसते, वरून पाहिले तर चित्र फिकट होते, आणि खालून पाहिले तर रंग उलटे पडून चेहरे काळवंडतात. मांडीवरच्या किंवा टेबलावरच्या लॅपटॉपकडे खालून कोणी पाहत नाही, म्हणून हा दोष कधी जाणवलेला नसतो. फ्रेम मात्र भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या नजरेच्या वर जाते, आणि मग सोफ्यावरून पाहणाऱ्याला सगळे फोटो निगेटिव्हसारखे दिसू लागतात. पुष्कळ लोक याचे खापर पडद्याच्या वयावर फोडतात.

यावरचा पहिला उपाय जुन्या घरांना ठाऊक होता. गिरगाव-दादरच्या चाळींत देवादिकांचे आणि पूर्वजांचे फोटो वरच्या बाजूने सुतळीवर पुढे झुकवून आणि खालची कड खिळ्यांवर टेकवून लावलेले असत, म्हणजे खाली बसलेल्या माणसाला ते समोरून दिसत. पडद्यालाही तेच करावे. फ्रेमच्या वरच्या कडेमागे सुमारे तीन-चार सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा लावला की ती तेवढी पुढे झुकते आणि मागे गरम हवेला वर जायला वाटही मिळते.

दुसरा उपाय विचित्र वाटतो, पण तो गुणकारी आहे. पॅनेल उलटे, म्हणजे वरची कड खाली अशा रीतीने बसवावे आणि चित्र सॉफ्टवेअरमधून १८० अंशांत फिरवून सरळ करावे. असे केल्याने पॅनेलची जी बाजू फक्त फिकट दिसते ती खालच्या दिशेला येते, आणि काळवंडणारी बाजू छताकडे जाते, जिथून कोणी पाहत नाही. उभी फ्रेम करण्याचा मोह मात्र टीएन पॅनेलच्या बाबतीत आवरावा, कारण मग हाच दोष डावीकडे किंवा उजवीकडे वळतो आणि खोलीच्या एका बाजूला बसलेल्यांना काहीच धड दिसत नाही. पॅनेल आयपीएस प्रकारचे असेल तर यातले काहीही करावे लागत नाही. चालू पडद्याकडे खालून वाकून पाहिले की ते कोणत्या प्रकारचे आहे हे लगेच कळते.

लाकूड, माउंट आणि पावसाळा

१५.६ इंची पॅनेलचा दिसणारा भाग साधारण ३४४ बाय १९४ मिलिमीटर आणि १४ इंचीचा ३०९ बाय १७४ मिलिमीटर असतो. फ्रेमवाल्याकडून माउंट, म्हणजे फोटोभोवतीचा पुठ्ठा, कापून घेताना त्याची खिडकी प्रत्येक बाजूने एक-दीड मिलिमीटर लहान ठेवावी, म्हणजे पॅनेलची धातूची कड झाकली जाते. माउंट पाच-सहा सेंटिमीटर रुंद ठेवला तर ती वस्तू लॅपटॉपसारखी न दिसता फोटोसारखी दिसते. पुढे काच लावू नये. समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब तिच्यात पडते आणि उष्णताही अडते.

फ्रेमवाल्याच्या नेहमीच्या पट्टीत खोली नसते, म्हणून त्याला बॉक्स फ्रेम सांगावी. मदरबोर्ड मागे ठेवायचा असेल तर आतून पाच सेंटिमीटर तरी खोली हवी. चोरबाजारात जुन्या सागवानी चौकटी मिळतात आणि त्या सुंदर असतात, फक्त शुक्रवारी मटण स्ट्रीटवरची दुकाने बंद असतात आणि घेताना वाळवीची भोके नीट पाहावी लागतात. पाठीला साधे हार्डबोर्ड लावू नये; पावसाळ्यात ते फुगते. पातळ मरीन प्लाय किंवा अ‍ॅक्रिलिकची शीट घ्यावी, तिच्यात खालच्या आणि वरच्या कडेला भोकांची ओळ पाडावी आणि खालच्या ओळीवर बारीक जाळी चिकटवावी. मदरबोर्ड प्लायवर थेट स्क्रूने आवळू नये. त्याच्या स्वतःच्या भोकांत पितळी स्पेसर घालून त्याला पाठीपासून वर उचलून ठेवावे. प्रोसेसरच्या पंख्याचे तोंड वर किंवा बाजूला मोकळे राहील असे पाहावे.

जून ते सप्टेंबर या महिन्यांत नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस इमारतीच्या पश्चिमेकडच्या भिंतींवर आपटतो आणि जुन्या इमारतींत त्या भिंतींना आतून ओल येते. फ्रेमसाठी अशी बाहेरची भिंत टाळून दोन खोल्यांमधली आतली भिंत निवडावी. समुद्राजवळच्या घरांत खाऱ्या हवेने कनेक्टरांवर हिरवट थर चढतो, त्यामुळे बाल्कनीच्या दारासमोरची जागाही नको. ओलीसाठी सिलिका जेलच्या पुड्या घालण्याचा सल्ला दिला जातो. पण मागे भोके असलेल्या फ्रेममध्ये त्या काही दिवसांत भरून निकामी होतात. पावसाळ्यात फ्रेम रोज काही तास चालू ठेवणे हा त्याहून चांगला उपाय आहे, कारण तिची स्वतःची ऊबच आतली ओल घालवते.

सॉफ्टवेअर

लॅपटॉपवर विंडोज ७ किंवा १० चालत असेल आणि फ्रेम इंटरनेटला जोडायचीच नसेल, तर ‘फोटोज’ नावाच्या स्क्रीनसेव्हरला फोल्डर दाखवून आणि एका मिनिटाची मुदत देऊन काम भागते. इंटरनेटला जोडायची असल्यास मात्र या आवृत्त्या ठेवू नयेत. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. त्याऐवजी हलके लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, घालावे. २ जीबी मेमरीच्या ६४ बिट लॅपटॉपवर एलएक्सक्यूटी डेस्कटॉपसह डेबियन किंवा लुबुंटू पुरेसे वेगाने चालते. लॅपटॉप ३२ बिटचा असेल तर डेबियन १२ घ्यावे, कारण १३व्या आवृत्तीपासून त्याचा ३२ बिट इन्स्टॉलर बंद झाला आहे. जुन्या हार्ड डिस्कऐवजी लहानशी एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) घातल्यास आवाज, उष्णता आणि सुरू होण्याचा वेळ तिन्ही कमी होतात.

इन्स्टॉल करताना पासवर्ड न विचारता थेट लॉगिन होईल असा पर्याय निवडावा, पडदा काळा करणारी आणि कुलूप लावणारी सेटिंग बंद करावी आणि लॉगिन होताच सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांच्या यादीत ‘फेह’ हा छोटा फोटोदर्शक घालावा. त्याला पूर्ण पडदा, यादृच्छिक क्रम, माऊसचा बाण लपवणे, फोटो आपोआप सरळ करणे आणि ठरावीक वेळाने फोल्डर पुन्हा वाचणे असे पर्याय देता येतात. शेवटच्या पर्यायामुळे नवा फोटो फोल्डरमध्ये पडला की फ्रेम पुन्हा सुरू न करता तो दिसू लागतो. दोन फोटोंमधले अंतर तीस सेकंदांपेक्षा कमी ठेवू नये. सतत बदलणारी फ्रेम टीव्हीसारखी लक्ष खेचत राहते.

रास्पबेरी पाय वापरत असाल तर सगळे जुळून आल्यावर त्याच्या कॉन्फिगरेशनमधली ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करावी. मुंबईत वीज फारशी जात नाही, पण घराबाहेर पडताना मेन स्विच बंद करणारी माणसे प्रत्येक घरात असतात, आणि लिहिणे चालू असताना वीज तुटली की एसडी कार्ड खराब होते. ओव्हरलेमुळे कार्डावर काही लिहिलेच जात नाही. अर्थात मग फोटो वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवावे लागतात.

फोटो

फोनमधला १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो आणि पडद्यावर येण्यासाठी उलगडला की तो मेमरीत सुमारे ४८ एमबी जागा घेतो. १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर त्यातले बहुतेक ठिपके वायाच जातात. म्हणून सगळे फोटो एकगठ्ठा ७६८ उंचीला लहान करून मगच फ्रेममध्ये घालावेत. जुना प्रोसेसर मग अडखळत नाही. फोनचे फोटो ४:३ आणि पडदा १६:९ असल्याने दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. ते घालवण्यासाठी फोटो ताणू नये आणि सरसकट कापूही नये, कारण कापताना आधी डोकी जातात. काळ्याऐवजी माउंटच्या रंगाची पार्श्वभूमी दिली की ते पट्टे डोळ्यांना खुपत नाहीत.

आयफोनचे एचइआयसी फोटो जुने फोटोदर्शक उघडत नाहीत. ते आधी जेपीजीत बदलून घ्यावेत. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो आकाराने कमी झालेला असला तरी या पडद्याला पुरतो, पण त्यातली मूळ तारीख निघून गेलेली असते, त्यामुळे तारखेप्रमाणे क्रम लावायचा असेल तर मूळ फोटोच मागून घ्यावा. अल्बममधले छापील फोटो ३०० डीपीआयवर स्कॅन केले तर चार बाय सहा इंची फोटोचा १२०० बाय १८०० ठिपक्यांचा फोटो मिळतो आणि तो भरपूर होतो. लग्नाचे आठशे फोटो एकदम घालण्यापेक्षा निवडक दीडशे-दोनशे ठेवून दर काही महिन्यांनी बदलणे बरे.

गुगल फोटोजचा अल्बम फ्रेमने स्वतःहून ओढून घ्यावा अशा जुन्या युक्त्या आता बहुतांशी चालत नाहीत. ३१ मार्च २०२५ पासून इतर प्रोग्रॅमांना कोणाचा सगळा फोटोसंग्रह वाचण्याची परवानगी बंद झाली आहे. घरच्या वाय-फायवर फ्रेममधले फोल्डर सांबा या नेटवर्कवर फोल्डर वाटून देणाऱ्या प्रोग्रॅमने शेअर करावे आणि फोनवरच्या फाइल मॅनेजरमधून त्यात फोटो टाकावेत.

वीज आणि भिंत

लॅपटॉपची फ्रेम साधारण १५ ते २५ वॅट घेते. २० वॅट धरून रोज १६ तास चालवली तर महिन्याला साडेनऊ युनिटांच्या आसपास वीज लागते. रास्पबेरी पाय आणि एलईडी पॅनेल यांची जोडी साधारण त्याच्या निम्म्यात भागते. ब्राइटनेस कमी केल्याने वीज आणि पडद्याचे आयुष्य दोन्ही वाचते, आणि संध्याकाळी पूर्ण उजेडाचा पडदा तसाही डोळ्यांवर येतो. लिनक्समध्ये लॅपटॉपला रात्री झोपवून सकाळी ठरलेल्या वेळी उठवण्याची सोय ‘आरटीसीवेक’ या आज्ञेने होते.

अ‍ॅडॅप्टर फ्रेमच्या आत कोंबू नये. तो खाली सॉकेटजवळ मोकळ्या हवेत ठेवावा आणि वर फक्त बारीक वायर केसिंग पट्टीतून न्यावी. भाड्याच्या घरात भिंत खोदण्याचा प्रश्न त्यामुळे मिटतो. जुन्या इमारतींच्या विटांच्या भिंतीत चुन्याचा गिलावा भुसभुशीत झालेला असतो, म्हणून रॉल प्लग विटेपर्यंत पोहोचेल एवढे खोल भोक पाडावे. नव्या टॉवरांतल्या काँक्रीटच्या भिंतींना हॅमर ड्रिलशिवाय भोक पडत नाही. वजन दोन-अडीच किलोच्या आत असले तरी स्क्रू दोन घ्यावेत. एका स्क्रूवरची फ्रेम शेजारी दार आपटले तरी तिरकी होते.

उरलेल्या सामानातले काहीही ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात जाता कामा नये, आणि बॅटरी तर नाहीच. तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी आणि ती कीबोर्ड, तुटक्या बिजागऱ्या व इतर भागांसह नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर करणाऱ्याकडे किंवा सोसायटीत त्यासाठी होणाऱ्या संकलनात द्यावी. जुनी हार्ड डिस्क मात्र तशीच देऊ नये. आधी तिच्यावरचा सगळा मजकूर पुसून टाकावा, आणि ती चालतच नसेल तर उघडून आतल्या तबकड्यांवर खोल ओरखडे पाडावेत.